स्वप्नविपर्यय, मेलाटोनिन आणि आपली नेत्रचिकित्सा

मेलाटोनिन हे नाव आता वैद्यवर्गाला अपरिचित राहिलेले नाही. निद्रानाशाचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याने ही गोळी आधीच घेऊन पाहिलेली असते. पुण्यातील औषधांच्या दुकानांत ती गोळीच्या, चघळण्याच्या वडीच्या आणि तोंडात मारावयाच्या फवाऱ्याच्या रूपात मिळते. आता तिच्याविषयी आणखी एक चर्चा ऐकू येऊ लागली आहे. हे द्रव्य केवळ झोपेचे नसून डोळ्यांच्या दुर्धर विकारांवरही उपयुक्त ठरेल, असे सांगितले जाते. ही चर्चा रुग्णांपर्यंत पोहोचली आहे, औषधविक्रेत्यांपर्यंत तर त्याआधीच पोहोचली आहे.

या चर्चेला आपल्या वर्तुळात दोन प्रकारचे प्रतिसाद मिळतात. काही बांधव म्हणतात, "यात नवीन ते काय? आमच्या ग्रंथांत हे सारे पूर्वीच सांगितले आहे." काही म्हणतात, "मागणी आहे ना, मग आपणही एखादा योग बाजारात आणावा." आमच्या मते हे दोन्ही प्रतिसाद घातक आहेत. पहिल्याने शास्त्राचे हसे होते आणि दुसऱ्याने रुग्णाची दृष्टी पणास लागते. मेलाटोनिनच्या संशोधनातून आपल्याला घेण्यासारखे निश्चित काही आहे, परंतु ते बाटलीत भरून विकण्यासारखे नाही. आपल्याच शास्त्राने सांगितलेल्या आणि आपणच दुर्लक्षिलेल्या एका निदानाकडे ते आपले लक्ष वेधते. ते निदान म्हणजे स्वप्नविपर्यय.

मेलाटोनिन म्हणजे काय?

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी १९५८ साली गुरांच्या पीनियल ग्रंथींतून हे द्रव्य वेगळे केले. ते शोधत होते त्वचेच्या वर्णावर परिणाम करणारा घटक, आणि हाती आले ते रात्रीचे संप्रेरक. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन आणि सेरोटोनिनपासून मेलाटोनिन अशी त्याची उत्पत्ती आहे. अंधार पडला की ते स्रवू लागते, मध्यरात्रीनंतर त्याची पातळी सर्वाधिक असते आणि पहाटेनंतर ते ओसरते. रात्री डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला की हा स्राव थांबतो.

येथेच नेत्राचा संबंध येतो. पीनियल ग्रंथी मस्तकात खोल दडलेली आहे, तिला प्रकाश दिसत नाही. दिवस आहे की रात्र, हे तिला दृष्टिपटलाकडून कळते. तेथून निघालेली संवेदना मेंदूतील हायपोथॅलॅमसमधील कालनियामक केंद्राकडे जाते आणि तेथून मज्जारज्जू व ग्रीवेतील मज्जागंडिका या मार्गाने पीनियल ग्रंथीपर्यंत पोहोचते. २००२ साली असे सिद्ध झाले की या कार्यासाठी दृष्टिपटलात स्वतंत्र पेशी आहेत. त्यांत मेलानॉप्सिन नावाचे प्रकाशग्राही द्रव्य असते आणि रूपदर्शन हे त्यांचे मुख्य कार्य नव्हे. म्हणजे नेत्राची कर्मे दोन ठरतात. एक रूपग्रहण, आणि दुसरे शरीराला काळाचे ज्ञान करून देणे. शिवाय अनेक पृष्ठवंशीय प्राण्यांचे दृष्टिपटल स्वतःही रात्री मेलाटोनिन निर्माण करते. दिवसाच्या आणि रात्रीच्या प्रकाशाशी जुळवून घेण्यात त्याचा वाटा असतो.

नेत्ररोगांतील पुरावा किती?

मेलाटोनिनकडे नेत्रतज्ज्ञांचे लक्ष जाण्याचे कारण त्याचा ऑक्सिडीकरणरोधक गुण. दृष्टिपटल हा शरीरातील सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या धातूंपैकी एक असून त्यावर आयुष्यभर प्रकाश पडत असतो. त्यामुळे तेथे ऑक्सिडीकरणाची झीज अधिक होते. वार्धक्यात दृष्टिपटलाच्या मध्यभागातील पीतबिंदूचा जो ऱ्हास होतो, त्यात या झिजेचा मोठा भाग आहे. या विकारात समोरच्या माणसाचा चेहरा धूसर होतो, वाचन सुटते, कडेचे मात्र दिसत राहते. त्याच्या शुष्क प्रकारात गेलेली दृष्टी परत आणणारा उपाय अद्याप नाही.

चीनमधील नेत्रतज्ज्ञांनी २००५ साली अशा रुग्णांना रोज रात्री ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून अधिक काळ पाठपुरावा झालेल्या ५५ रुग्णांत दृष्टी बहुतांशी स्थिर राहिली, असे त्यांचे निरीक्षण होते. परंतु तुलनेसाठी औषध न घेणारा गट त्यात नव्हता. २०२४ साली अमेरिकेतील रुग्णनोंदींच्या मोठ्या संग्रहावर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हा विकार नसलेल्या १,२१,५२३ आणि शुष्क विकार असलेल्या ६६,२५३ व्यक्तींच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. मेलाटोनिन घेणाऱ्यांत विकार उत्पन्न होण्याचा आणि वाढण्याचा धोका निम्म्याहूनही कमी आढळला. आकडे मोठे आहेत आणि आशा वाटावी असेच आहेत. पण हा नोंदींचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे. जो मनुष्य झोपेसाठी गोळी मागतो, तो वैद्याकडे वारंवार जाणारा आणि प्रकृतीस जपणाराही असू शकतो. लाभ गोळीचा की त्या जपणुकीचा, हे अशा अभ्यासातून ठरत नाही.

पुरावा कसा असावा, याचे उदाहरण याच विकारात उपलब्ध आहे. जीवनसत्त्वे व जस्त यांच्या उपयोगाविषयी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात ३,६४० व्यक्तींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागून सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ तपासले गेले. त्यानंतरच मध्यम अवस्थेतील रुग्णांत विकार वाढण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो, असा निष्कर्ष काढला गेला. मेलाटोनिनच्या बाबतीत या तोलाचे काम अद्याप व्हायचे आहे.

काचबिंदूविषयीही हेच म्हणावे लागेल. मेलाटोनिनने नेत्रांतर्गत दाब काही प्रमाणात उतरतो, असे १९८८ सालीच मानवी प्रयोगात दिसले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी १० मिलिग्रॅम दिल्यास रुग्णाची भीती व नेत्रदाब दोन्ही कमी होतात, असे २००९ सालच्या एका लहान प्रयोगात आढळले. पण दाब तात्पुरता उतरणे वेगळे आणि काचबिंदूने होणारा नेत्रनाडीचा नाश वर्षानुवर्षे रोखणे वेगळे. दुसरी गोष्ट अद्याप सिद्ध नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना मेलाटोनिन देऊन तीव्र प्रकाशात ठेवले असता त्यांच्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींची हानी वाढली. म्हणजे जे द्रव्य रात्री रक्षक ठरू शकते, तेच प्रखर उजेडात अपायकारकही ठरू शकते. औषध कोणते, यापेक्षा ते कोणत्या काळी दिले, हा प्रश्न येथे निर्णायक आहे. औषधसेवनकालाचे महत्त्व ज्यांना पदवीच्या वर्गात शिकविले गेले, त्या वैद्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

जेथे उपयोग खरोखर दिसला आहे

एका ठिकाणी मात्र मेलाटोनिनचा उपयोग चांगल्या रीतीने दिसून आला आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. ज्यांना प्रकाशाचीही जाणीव नाही अशा पूर्णांध व्यक्तींपैकी अनेकांचे शरीर चोवीस तासांच्या दिवसाशी जुळत नाही. त्यांचे आंतरिक घड्याळ रोज थोडे थोडे मागे पडते. काही आठवडे झोप रात्री येते, मग ती सरकत सरकत दिवसा येऊ लागते, आणि पुन्हा काही काळाने रात्रीवर येते. असा रुग्ण "महिन्यातून काही दिवस झोपच लागत नाही" एवढेच सांगतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा सात पूर्णांध व्यक्तींना झोपेच्या तासभर आधी १० मिलिग्रॅम मेलाटोनिन देण्यात आले, तेव्हा सहा जणांचे चक्र चोवीस तासांवर स्थिरावले. पुढील अभ्यासांत अर्ध्या मिलिग्रॅमइतकी अल्प मात्राही योग्य वेळी दिल्यास पुरेशी ठरू शकते, असे दिसले. याच विकारासाठी मेलाटोनिनच्या ग्राहींवर कार्य करणारे टॅसिमेल्टिऑन हे औषध अमेरिकेत २०१४ साली संमत झाले.

याला जोडून दुसरी गोष्ट. १९९५ साली अकरा अंध व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा तिघांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकताच मेलाटोनिनची पातळी घटली. त्यांना दिसत काहीच नव्हते, पण त्यांचे डोळे काळ ओळखत होते. तेव्हा न दिसणारा डोळा निरुपयोगी समजून काढून टाकण्यापूर्वी त्या रुग्णाच्या झोपेची चौकशी होणे आवश्यक आहे.

पुणे शहरात हा विषय दूरचा नाही. कोरेगाव पार्क येथे अंध मुलांची आणि कोथरूड येथे अंध मुलींची शाळा आहे. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन ही संस्था येथीलच, आणि महंमदवाडीचे ह. वि. देसाई नेत्ररुग्णालय तीच चालविते. आपल्यापैकी अनेक वैद्यांकडे अंध रुग्ण अनिद्रा, अजीर्ण, शिरःशूल यांसाठी येतात. त्यांना ब्राह्मी, जटामांसी, तगर यांचे योग दिले जातात. चक्र सरकून झोप पुन्हा रात्रीवर आली की औषध लागू पडले असे वाटते, आणि ती पुन्हा दिवसावर गेली की रुग्णाने पथ्य मोडले असे ठरविले जाते. दोन्ही अनुमाने चुकीची असू शकतात. चार ते सहा आठवडे झोपेची व जागरणाची वेळ रोज नोंदवून घेतली, तर हा विकार कागदावर तिरप्या रेषेसारखा स्पष्ट दिसतो. या निदानास यंत्र लागत नाही, वही लागते. निदान झाल्यावर रुग्णास तज्ज्ञाकडे पाठविणे हे आपले कर्तव्य होय.

आपल्या शास्त्रातील सूत्र

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आणि आरंभीच त्यांची सामान्य कारणे दिली. त्या कारणांत सूक्ष्मनिरीक्षण आहे, दूरवर टक लावून पाहणे आहे, वेगविधारण आहे, आणि स्वप्नविपर्ययही आहे. रात्री जागणे व दिवसा झोपणे हे नेत्ररोगाचे कारण म्हणून त्यांनी स्वतंत्रपणे नोंदविले. वाग्भटांनी अभ्यंगाची फळे सांगताना दृष्टिप्रसाद आणि निद्रा ही दोन्ही एकत्र सांगितली. चरकाचार्यांनी निद्रा आणणाऱ्या उपायांत नेत्रतर्पणाचा समावेश केला. ऊर्ध्वजत्रुगत विकारांत औषध निद्राकाली द्यावे आणि नेत्रबलासाठी त्रिफळा मधुघृतासह रात्री घ्यावी, असे वाग्भटांचे सांगणे आहे. नेत्र, निद्रा आणि रात्र यांचा परस्परसंबंध या आचार्यांनी निरीक्षणाने जाणला होता, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

परंतु याहून पुढे जाऊ नये. भेलसंहितेत आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे दोन भेद सांगितले आहेत आणि दुसऱ्याचे स्थान भ्रूमध्याशी जोडले आहे. त्यावरून बुद्धिवैशेषिक आलोचक म्हणजे पीनियल ग्रंथी आणि तिचे पित्त म्हणजे मेलाटोनिन, असे समीकरण काही लेखांत व व्याख्यानांत मांडले जाते. आम्हांस ते मान्य नाही. आलोचक पित्त ही दोष, कर्म आणि स्थान यांनी बांधलेली संकल्पना आहे, तर मेलाटोनिन हा एक रेणू आहे. असे समीकरण मांडल्याने संहितेचा मान वाढत नाही. उद्या मेलाटोनिनविषयीचे मत पालटले, तर संहिताही खोटी ठरविण्याची सोय मात्र आपण करून ठेवतो. ग्रंथोक्त 'काच' म्हणजेच आजचा काचबिंदू असे समजून चालणारे आजही आढळतात. नामसाम्याने निदान होत नाही, हे त्या उदाहरणावरूनही ध्यानी यावे.

औषधालयांच्या चालकांस

औषधालयचालक बांधवांशी काही स्पष्ट बोलणे भाग आहे. अनेक वनस्पतींत मेलाटोनिन असते, हे १९९५ पासून ज्ञात आहे. मोहरी, अक्रोड यांतही ते आढळते. पण हे प्रमाण अत्यल्प असते. गोळीतील मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, तर वनस्पतींतील प्रमाण बहुधा प्रतिग्रॅम नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागते. मिलिग्रॅमचा दहा लक्षावा भाग म्हणजे नॅनोग्रॅम. तेव्हा 'नैसर्गिक मेलाटोनिनयुक्त चूर्ण' म्हणून एखादे चूर्ण डोळ्यांसाठी विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय. आणि वनस्पतीच्या नावाखाली कृत्रिम मेलाटोनिन मिसळणे ही त्याहून गंभीर बाब आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदीय औषधाची व्याख्या प्रमाणग्रंथांतील योगांशी बांधलेली आहे. त्या व्याख्येत प्रयोगशाळेत बनविलेले संप्रेरक बसत नाही.

तयार मालाच्या वेष्टनावरही विसंबता येत नाही. अमेरिकेत २०२३ साली मेलाटोनिनच्या २५ चघळण्याच्या वड्या तपासल्या गेल्या, तेव्हा २२ मध्ये वेष्टनावरील आकडा व प्रत्यक्ष प्रमाण जुळले नाही. ज्या वड्यांत मेलाटोनिन होते, त्यांत ते लिहिलेल्या प्रमाणाच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत भरले. एकीत तर मेलाटोनिन नव्हतेच. त्यापूर्वी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ३१ पैकी ८ उत्पादनांत चक्क सेरोटोनिन आढळले होते. ही औषधी गोळी रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांचा आणि मानसविकारांवरील काही औषधांचा परिणाम वाढवू शकते अथवा त्यांच्यामुळे तिची पातळी वाढू शकते. वृद्धांत तिने तंद्रा येते आणि रात्री उठताना तोल जाण्याचे भय राहते.

जाहिरातीविषयी एवढेच स्मरण देतो. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू व काचबिंदू ही नावे आहेत. या विकारांवर उपाय म्हणून कोणत्याही औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, मग ते औषध कोणत्याही पद्धतीचे असो.

कायद्याचे भय बाजूला ठेवले, तरी रुग्णाचे हित उरतेच. आमच्या चिकित्सालयात काचबिंदूचे एक सेवानिवृत्त रुग्ण आले होते. झोपेची गोळी डोळ्यांनाही उत्तम आहे, असे एका दुकानात ऐकून त्यांनी नेत्रतज्ज्ञाने दिलेले थेंब चार महिने बंद ठेवले होते. झोप चांगली लागत होती, म्हणून डोळाही सुधारत आहे अशी त्यांची समजूत झाली. काचबिंदूत बहुधा वेदना नसते, मध्यभागाची दृष्टी शेवटपर्यंत टिकते आणि कडेची दृष्टी हळूहळू जाते. त्यांचीही गेली होती. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही शास्त्राने परत येत नाही.

काय करता येईल?

टीका पुष्कळ झाली. आता आपल्या हाती असलेल्या गोष्टी क्रमाने मांडतो.

१. प्रत्येक नेत्ररुग्णाच्या इतिहासात निद्रेचा तपशील घ्यावा. झोपण्याची व उठण्याची वेळ, दिवास्वाप आणि रात्रपाळी यांची नोंद व्हावी. हिंजवडी व खराडीतील संगणक कार्यालयांत, चाकण व भोसरीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे सहस्रावधी लोक आपले रुग्ण आहेत. त्यांच्या बाबतीत स्वप्नविपर्यय आणि सूक्ष्मनिरीक्षण ही दोन्ही कारणे एकाच वेळी घडतात.

२. प्रत्येक अनिद्रेच्या रुग्णास दृष्टीविषयी विचारावे. चाळिशीनंतर वर्षातून एकदा नेत्रदाब व दृष्टिपटल तपासून घेण्याचा आग्रह धरावा. नेत्रतज्ज्ञाने दिलेले थेंब आपल्या सांगण्यावरून कधीही बंद होऊ नयेत.

३. मेलाटोनिन घेत असलेल्या रुग्णाने ते किती, केव्हा आणि कोणाच्या सल्ल्याने घेतले, हे पत्रिकेवर लिहावे. दिवसा घेत असल्यास त्याचे धोके समजावून द्यावेत.

४. निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा. सायंकाळनंतर प्रखर प्रकाश व पडदे टाळणे, सकाळी सूर्यप्रकाशात चालणे, नियत वेळी निजणे, पादाभ्यंग व शिरोभ्यंग हे उपाय विनामूल्य व निरपाय आहेत. ते लिहून द्यावेत, केवळ तोंडी सांगू नयेत.

५. संघटनेच्या पुणे शाखेने शालाक्यतंत्राच्या अध्यापकांना आणि शहरातील नेत्रतज्ज्ञांना सोबत घेऊन एक समान नोंदपत्रक तयार करावे. तिमिराच्या रुग्णांत निद्रा नियमित केल्याने काय फरक पडतो, हे दृष्टिमापनासह दोन वर्षे नोंदविले तर ते काम लहान असले तरी प्रामाणिक असेल. त्यातून काही लाभ दिसला नाही, तर तेही प्रसिद्ध करावे.

६. अंधशाळांच्या व्यवस्थापनाची अनुमती घेऊन निद्रानोंदीचा उपक्रम हाती घ्यावा. त्यात विक्रीचे काहीही नसावे.

मेलाटोनिनवरील मोठे प्रयोग होतील आणि त्यांचे निष्कर्ष येतील. ते अनुकूल आले तर नेत्रतज्ज्ञ ते वापरतील आणि आपण त्याचे स्वागत करू. प्रतिकूल आले तरी स्वप्नविपर्यय हे नेत्ररोगाचे कारण म्हणून विचारण्याचे आपले दायित्व संपत नाही. रुग्ण आपल्यासमोर पाऊण तास बसतो, नाडी दाखवितो, आहार सांगतो. त्यात निद्रेविषयीच्या चार प्रश्नांना जागा करणे कोणाही वैद्यास अवघड नाही. पुणे शाखेच्या आगामी बैठकीत नोंदपत्रकाचा विषय घ्यावा, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे. या कामी सहभागी होऊ इच्छिणाऱ्या वैद्यांनी व औषधालयचालकांनी आपली नावे शाखेकडे द्यावीत.